जुन्या कम्प्युटरवर वायरलेस कीबोर्ड-माउस अडखळतोय? दोष शोधायची क्रमवार रीत

काकूंच्या स्क्रीनवर 'भुटटयाचा कीस' असं उमटलं होतं. दोन्ही ट अख्खे, एकाचाही पाय मोडलेला नाही. खालच्या ओळीत 'सवयंपाक', आणि त्याच्याही खाली 'हिंगगगगग'. आईच्या हातची पाककृतींची वही भाचरांसाठी टाइप करून ठेवायची म्हणून त्या महिनाभर रोज दुपारी बसत होत्या. इतक्या दिवसांत त्यांची खात्री झाली होती की बोटांत आता पूर्वीचा जोर राहिला नाही, म्हणून कळ नीट दाबली जात नाही. "अरे, माझंच वय झालं," एवढंच म्हणाल्या. मला ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण बोटांचा काही दोष नव्हता. दोष सीपीयूच्या मागे, भिंतीकडच्या अंधारात, कीबोर्ड-माउसचे संकेत पकडणाऱ्या नखाएवढ्या रिसीव्हरपाशी होता.

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात असे दहा-बारा वर्षांचे डेस्कटॉप अजून कितीतरी घरांत नेमाने चालतात. मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, कम्प्युटर घरी राहिला, आणि वायरींचा गुंता नको म्हणून कोणीतरी वायरलेस सेट आणून दिला. तो सेट पुरता बंद पडला तर निदान कळतं तरी. पण अधूनमधून अडखळू लागला की माणूस स्वतःवर शंका घेतो, नाहीतर थेट नवा सेट घेऊन येतो. नवा सेट त्याच पोर्टात, त्याच जागी लागतो आणि थोड्या दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू होते. म्हणून माझं सांगणं आहे की पैसे खर्च करण्याआधी रिसीव्हर कुठे बसलाय ते बघा. बाकीच्या गोष्टीही खाली क्रमाने देतो, पण सगळ्यात जास्त गुण मला याच एका गोष्टीने आलेला आहे.

सुरुवातीची तयारी

एक वायरवाला माउस आणि जमलं तर वायरवाला कीबोर्ड शेजाऱ्यांकडून मागून आणा. पुढे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा विंडोजमधला प्रोग्राम, काढण्याची पायरी येते, तिथे वायरलेस सेट मध्येच गेला तर हाताशी काहीतरी हवं. कागद-पेन जवळ ठेवा. एका वेळी एकच बदल करायचा, तीच चाचणी पुन्हा घ्यायची आणि काय झालं ते लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं गेलं, तर कशाने गेलं ते कळत नाही, आणि परत आलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चाचणी सोपी आहे. नोटपॅड उघडा, कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि वरच्या रांगेतले एक ते शून्य हे दहा आकडे ओळीने टाइप करून एंटर मारा. अशा वीस ओळी. घाई नको, रोजच्या वेगाने. प्रत्येक ओळीत बरोबर दहा आकडे हवेत. नऊ आले तर एक कळ वाटेत गळाली. एखादा आकडा पाच-सहा वेळा उमटला तर कळ अडकली. हे अडकणं बहुतेक वेळा बटणाचं नसतं. कळ दाबली हा एक निरोप आणि कळ सोडली हा दुसरा निरोप, असे दोन निरोप कीबोर्ड पाठवतो. दुसरा निरोप पोचला नाही तर कम्प्युटरला वाटतं बोट अजून तिथेच आहे, आणि तो अक्षर उमटवत राहतो. काकूंचा 'हिंगगगगग' असाच झाला होता. मराठीत हे दुखणं जास्त ठळक दिसतं, कारण इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी कीबोर्डच्या प्रमाण मांडणीत, पाय मोडायला स्वतंत्र कळ दाबावी लागते. ती एक गळाली की जोडाक्षर सुटं होतं आणि सगळा शब्द बिघडतो.

लक्षण ओळखा

आता तीन प्रश्न. त्यांची उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं.

पहिला प्रश्न: कीबोर्ड आणि माउस दोन्ही एकाच वेळी अडखळतात की एकच? सेटमध्ये दोघांचा रिसीव्हर सहसा एकच असतो. दोन्ही एकदम गेले तर रिसीव्हर, पोर्ट, आसपासचा रेडिओ गोंगाट किंवा विंडोज यांच्याकडे बघा. एकच जातो तर त्या एकाचेच सेल, त्याचाच स्विच, त्याचीच जागा.

दुसरा प्रश्न: अडखळताना कम्प्युटर आवाज करतो का? स्पीकर चालू ठेवा. यूएसबीचं काही काढलं-लावलं की विंडोज दोन सुरांचा आवाज करतं, तो आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेला असतो. हात न लावता तो आवाज आला तर रिसीव्हरचा कम्प्युटरशी असलेला संबंधच तुटतोय, म्हणजे पोर्ट सैल आहे किंवा वीज कमी पडतेय. आवाज न येता बाण नुसता गोठला तर यूएसबी ठीक आहे, मधल्या हवेत काहीतरी अडतंय. ही खूण मी सगळ्यात जास्त वापरतो.

तिसरा प्रश्न: कधी होतं? चहा घेऊन परत आल्यावरच होतं, मग वीजबचतीचा संशय घ्या. मोबाइलवर व्हिडिओ चालू असताना होतं, मग वायफाय. फोटो कॉपी होत असताना होतं, मग पुढचा रिसीव्हरचा भाग लक्ष देऊन वाचा.

सेल आणि सेलची घरं

हे पाच मिनिटांचं काम, म्हणून आधी उरका. कीबोर्डमध्ये बहुतेक रिमोटचे बारीक सेल असतात, माउसमध्ये एखादा पेन्सिल सेल. दोन्हीकडे नवे अल्कलाइन सेल घाला. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून माउसमध्ये घालायची सवय बऱ्याच घरांत आहे. घड्याळाला इतकी थोडी वीज लागते की मरायला टेकलेला सेलही ते महिनोन्‌महिने चालवतं, माउसच्या खालच्या दिव्याला तो पुरत नाही. मल्टिमीटर असेल तर नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टच्या जरा वर दाखवतो. तो सव्वा व्होल्टच्या आसपास आला असेल तर बदलाच. चार्ज होणारे सेल मुळातच १.२ व्होल्टचे असतात. ते बहुतेक सेटमध्ये चालतात, पण सेल संपत आल्याचा दिवा त्यांच्यामुळे लवकर लागू शकतो.

सेल काढल्यावर आतली स्प्रिंग नीट बघा. पांढरी पूड किंवा हिरवट थर दिसला तर सेल पाझरला आहे. कानातल्या काडीला व्हिनेगरचा थेंब लावून अल्कलाइनचा थर पुसा, मग कोरड्या काडीने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालू नका. सेट महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच.

माउसच्या पोटाखालचा चालू-बंद स्विचही तपासा. तो अर्धवट सरकलेला असला तर माउस हललाच की बंद होतो, आणि आपण तासभर दुसरीकडे शोधत बसतो.

रिसीव्हर बसलाय कुठे

काकूंच्या टेबलाखाली मी मोबाइलचा टॉर्च घेऊन वाकलो तेव्हा दिसलं ते असं. लोखंडी टेबल, त्याच्या खणाखाली ढकललेला सीपीयू, पाठ भिंतीकडे. मागच्या बाजूला दोन निळे पोर्ट शेजारी शेजारी. एकात फोटोंची बाहेरची हार्ड डिस्क, तिची वायर गोल गुंडाळून तिथेच ठेवलेली. दुसऱ्यात रिसीव्हर, त्या वायरीला अगदी चिकटून. आणि सीपीयूच्या डोक्यावर वायफायचा राउटर, कारण फोनवाल्याने तो तिथेच ठेवून दिला होता. कीबोर्ड टेबलावर आणि रिसीव्हर त्याच्या पार पलीकडे, मध्ये दोन पत्रे.

आता यात नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या घरातली मांडणी वेगळी असली तरी तुम्हाला ताडता येईल. डोंगलवाले, म्हणजे असा सुटा रिसीव्हर असलेले, हल्लीचे बहुतेक वायरलेस सेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. या पट्ट्याला परवाना लागत नाही, म्हणून वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी हेडफोन सगळे इथेच येतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास तापवतो, तोही इथलाच. कीबोर्डचा आवाज यात सगळ्यात बारीक असतो. त्याला दोन बारीक सेलवर कित्येक महिने काढायचे असतात, तो ओरडून बोलू शकत नाही.

त्यात निळ्या पोर्टचं स्वतःचं एक दुखणं आहे. निळे पोर्ट म्हणजे सहसा यूएसबी ३.०. हे २००८ साली आलं, त्यातून सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती जाते. इतक्या वेगाच्या संकेताचा रेडिओ गोंगाट पोर्टातून, वायरीतून आणि लावलेल्या डिस्कमधून बाहेर पडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने २०१२ साली याच विषयावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे डिस्कवर फोटो कॉपी होत असताना शेजारच्या रिसीव्हरच्या कानाशी ढोल वाजत असतो. तेवढ्यात टेबलावरून कीबोर्डने हळूच सांगितलेला हलन्त, म्हणजे पाय मोडायची कळ, त्याला ऐकू येणार कसा?

मी काकूंना डिस्कवर एक मोठं फोल्डर कॉपी करायला लावलं आणि आकड्यांची चाचणी घेतली. पहिल्याच ओळीत ४ आणि ७ गळाले, तिसऱ्या ओळीत ९ सात वेळा उमटला. डिस्क काढली, पुन्हा वीस ओळी. एकही आकडा गेला नाही. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग आपल्या बोटांकडे.

तुम्ही हे असं करा. निळ्या पोर्टांतलं सगळं काढा. डिस्क 'सेफली रिमूव्ह' करूनच काढायची, ओढून नाही. चाचणी घ्या. फरक पडला तर दोषी सापडला. मग रिसीव्हर निळ्यातून काढून काळ्या पोर्टात लावा. काळे पोर्ट साधारण यूएसबी २.० चे असतात, आणि कीबोर्ड-माउसला त्यापेक्षा जास्त वेग लागतच नाही. रंग प्रत्येक कंपनी पाळतेच असं नाही, पोर्टजवळ यूएसबीच्या खुणेबरोबर 'एसएस' अशी रोमन अक्षरं कोरलेली असली तर तो ३.० समजा. दोन पोर्टांमध्ये जमेल तितकं अंतर ठेवा.

पुढची पायरी माझ्या मते सगळ्यात गुणाची: यूएसबीची एक्स्टेंशन वायर. सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला कुठल्याही दुकानात 'यूएसबी मेल-फीमेल' म्हणून मागा. साधी २.० ची पुरते, एक-दीड मीटरच्या वर घेऊ नका. रिसीव्हर तिच्या टोकाला लावून टेबलावर, कीबोर्डच्या मागे वीतभर अंतरावर ठेवा. टेबल लोखंडी असेल तर खाली एखादी जाड वही ठेवा, पत्र्याला थेट टेकू देऊ नका. मॉनिटरच्या पायाशी सेलोटेपने चिकटवला तरी चालेल. कंपनीच्या डब्यावर दहा मीटरचा पल्ला लिहिलेला असतो, तो मोकळ्या खोलीतला. मध्ये पत्रा, माणसाचं शरीर किंवा पाण्याचं पिंप आलं की तो झपाट्याने घटतो. रिसीव्हर आणि कीबोर्ड एकमेकांना दिसतील असे ठेवले की भांडण बहुतेक तिथेच मिटतं.

विंडोजचा आवाज येऊन तुटत असेल तर वेगळं बघायचं. सीपीयूच्या पुढच्या तोंडावरचे पोर्ट बारीक वायरींनी आतल्या मुख्य सर्किटला, म्हणजे मदरबोर्डला, जोडलेले असतात, जुन्या कॅबिनेटमध्ये ते सैल होतात. रिसीव्हर बोटाने अगदी हलका हलवून बघा, तेवढ्याने आवाज आला तर तो पोर्ट सोडून द्या. एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या, वीज न लावलेल्या स्वस्त हबमध्येही रिसीव्हर ठेवू नका. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, हबवर पंखा, दिवा, पेन ड्राइव्ह असं सगळं लावलं की त्यातच वाटणी होते. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, म्हणून एक्स्टेंशन तिथूनच काढावी. धूळ असेल तर कम्प्युटर बंद करून, प्लग काढून, कोरड्या ब्रशने झाडा.

विंडोज रिसीव्हरला झोपवतं तेव्हा

थोडा वेळ हात लावला नाही की माउस झोपतो आणि क्लिक केल्यावर क्षणात उठतो, हे त्याच्या स्वभावाप्रमाणेच आहे. पण उठायला पाच-दहा सेकंद लागत असतील, किंवा रिसीव्हर काढून लावल्याशिवाय जागच येत नसेल, तर वीज वाचवायला विंडोज यूएसबीच बंद करतंय.

विंडोज १० मध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. विंडोज ७ असेल तर 'कम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', आणि तिथून डिव्हाइस मॅनेजर. सगळ्यात खाली 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' आहे. त्यात 'यूएसबी रूट हब' नावाच्या एकाहून जास्त ओळी असतील. प्रत्येकीवर डबल क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. एखादी ओळ विसरलात तर नेमका आपला रिसीव्हर तिच्यावरच असतो, म्हणून एकही सोडू नका.

मग कंट्रोल पॅनेल, 'पॉवर ऑप्शन्स', चालू प्लॅनसमोरचं 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', आणि त्यातलं 'ॲडव्हान्स्ड'. तिथे 'यूएसबी सेटिंग्ज'खाली 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' आहे, ते 'डिसेबल्ड' करा. डेस्कटॉपला याने विजेच्या बिलात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

सकाळी कम्प्युटर चालू केल्यावर सेट मुका, पण 'रीस्टार्ट' केलं की ठीक, असं होत असेल तर 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. विंडोज ८ पासून 'शटडाउन' म्हणजे पूर्ण बंद नसतं, आतला काही भाग जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो, आणि त्यात एखादा रुसलेला ड्रायव्हरही तसाच राहतो. पॉवर ऑप्शन्समध्येच पॉवरच्या बटणाने काय करायचं ते ठरवायचं पान आहे, तिथली ही खूण काढायची. विंडोज ७ मध्ये हा प्रश्न नाही.

राउटर

राउटर दोन मिनिटं बंद ठेवा आणि आकड्यांची चाचणी घ्या. फरक पडला नाही तर हा भाग सोडून पुढे जा.

फरक पडला तर आधी राउटर हलवा. सीपीयूच्या डोक्यावरून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, उंच जागी. वायफायलाही ते बरंच. मग राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झची रुंदी ४० वर असेल तर २० मेगाहर्ट्झ करा. ४० वर ठेवलेला राउटर या अरुंद पट्ट्यातली जवळपास निम्मी जागा एकटाच अडवतो. चॅनेल १, ६ आणि ११ हे एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांतला एक धरा. मोबाइल आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जात असतील तर त्यांना तिकडे पाठवा. जुन्या डेस्कटॉपचं वायफाय कार्ड पुष्कळदा २.४ च ओळखतं. राउटर जवळ असेल तर त्याला सरळ लॅन वायर लावा. वायरलेस कीबोर्डसाठी हवा मोकळी करायची असेल तर कम्प्युटरचं इंटरनेट वायरीवर नेणं हा उत्तम मार्ग आहे.

ड्रायव्हर आणि पुन्हा ओळख करून देणं

इथवर आल्यावरही अडखळत असेल तर वायरवाला माउस लावा आणि मगच पुढे जा. डिव्हाइस मॅनेजरच्या वरच्या 'व्ह्यू'मध्ये लपलेली उपकरणं दाखवायचा पर्याय निवडा. वर्षानुवर्षं वापरलेल्या कम्प्युटरवर 'कीबोर्ड्स' आणि 'माइस' यांच्याखाली फिक्या रंगाच्या कितीतरी जुन्या ओळी निघतात, कधीकाळी लावलेल्या सेटच्या. फिक्या ओळी एक-एक करून 'अनइन्स्टॉल' करा. शेवटी चालू सेटची ओळ काढा, रिसीव्हर उपटा, कम्प्युटर रीस्टार्ट करा आणि रिसीव्हर दुसऱ्या पोर्टात लावा. विंडोज त्याला नव्याने ओळखेल. यूएसबी रूट हबच्या ओळी मात्र काढायला जाऊ नका, सगळेच माउस एकदम मुके होतील.

जुन्या धाटणीच्या सेटमध्ये रिसीव्हरवर आणि माउसच्या पोटाखाली 'कनेक्ट'चं छोटं बटण असतं. आधी रिसीव्हरचं, मग लगेच माउसचं, मग तसंच कीबोर्डचं दाबा. लॉजिटेकच्या काही रिसीव्हरवर नारिंगी ठिपका आणि त्यात फुलासारखी खूण असते, त्याला युनिफाइंग म्हणतात. तो २००९ पासूनचा, आणि सहा उपकरणांपर्यंत एकावर जोडता येतात. २०२१ साली त्यांनी बोल्ट नावाचा दुसरा रिसीव्हर आणला. दोन्ही दिसायला सारखेच इवलेसे, पण एकाचा माउस दुसऱ्यावर चालत नाही. स्वस्त सेटचे रिसीव्हर मात्र कारखान्यातूनच जोडी लावून येतात. तो हरवला तर बहुतेक वेळा सेटच गेला समजायचा. प्रवासात किंवा कम्प्युटर दुरुस्तीला देताना रिसीव्हर काढून माउसच्या सेलच्या खणात ठेवा, तिथे त्याच्यासाठी खाच केलेली असते.

ब्लूटूथचा सेट असेल तर

ब्लूटूथला डोंगलची गरज नसते म्हणून लोक घेतात, पण जुन्या कम्प्युटरवर मी तो सुचवत नाही. कारण सांगतो. २०१० साली ब्लूटूथ ४.० बरोबर कमी विजेवर चालणारा नवा प्रकार आला, आणि आताचे बरेच ब्लूटूथ माउस त्याच प्रकारचे असतात. विंडोज ७ ला तो प्रकार मुळातून कळत नाही, विंडोज ८ पासून कळतो. त्यामुळे ७ वर माउस यादीत दिसतच नाही किंवा दिसून जोडला जात नाही, आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो.

विंडोज १० वर जोडी तुटत असेल तर सेटिंगमधून तो माउस 'रिमूव्ह' करा, माउसचं जोडणीचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि पुन्हा जोडा. एक बारीक गोष्ट पुष्कळदा नडते. काही माउसच्या पोटाखाली १-२-३ असं बटण असतं, तीन कम्प्युटरसाठी. पुसताना बोट लागून १ चा २ झाला की माउस मेल्यासारखा वाटतो. ते बटण दाबून परत १ वर आणा.

वायरलेसचा दोष नसलेले दोष

काही तक्रारी दिसतात तशाच, पण हवेशी त्यांचा संबंध नसतो.

उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की 'फिल्टर कीज' चालू करायची चौकट येते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट सारखी लागते, आणि विचार करताना बोट तिच्यावर विसावतं. नकळत 'यस' झालं की झटपट दाबलेल्या कळा विंडोज सोडून देतं. डोंगलचा दोष वाटावा इतकं हे तंतोतंत दिसतं. सेटिंगमध्ये 'ईझ ऑफ ॲक्सेस', त्यात कीबोर्ड, आणि तिथे फिल्टर कीज बंद. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर येणारं 'स्टिकी कीज'ही तिथेच बंद होतं.

एकदम भलतीच अक्षरं उमटू लागली तर टास्कबारच्या कोपऱ्यातली भाषेची खूण बघा. घरात एकजण मराठी इनस्क्रिप्टवर आणि दुसरा हिंदी रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, टाइप करत असेल तर मांडणी बदलून राहते. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की तेवढ्यानेही ती बदलू शकते.

माउसचा बाण उड्या मारतो पण कीबोर्ड ठीक आहे, मग टेबलाकडे बघा. आपल्याकडे टेबलावर काच आणि काचेखाली फोटो ठेवायची रीत आहे. माउसचा डोळा खालच्या पृष्ठभागाची चित्रं टिपत चालतो, काचेवर त्याला धरायला काही मिळत नाही. एक साधा कोरा कागद खाली ठेवा, बाण लगेच शहाण्यासारखा चालेल. डोळ्यावर केस किंवा कापसाचा तंतू असेल तर फुंकर मारून काढा. एका क्लिकचे दोन क्लिक होत असतील तर बटणाचा आतला स्विच झिजला आहे, त्याला सेटिंगने गुण येत नाही.

जुन्या मशीनच्या मर्यादा

विंडोज सुरू होण्याआधी, म्हणजे बायोसमध्ये, कीबोर्ड चालत नसेल तर आतलं 'लेगसी यूएसबी सपोर्ट' चालू आहे का ते वायरवाल्या कीबोर्डने जाऊन बघा. नंतर बसवलेल्या यूएसबी ३.० कार्डावरचे पोर्ट जुन्या मदरबोर्डवर बायोसमध्ये बहुधा जागे होत नाहीत, रिसीव्हर मूळ पोर्टात लावा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर मुळात नसतात. विंडोज नव्याने टाकल्यावर निळे पोर्ट मुके झाले असतील तर पोर्ट खराब झाला असं लगेच समजू नका.

बायोसमध्येच 'हार्डवेअर मॉनिटर'चं पान असेल तर ५ व्होल्टची ओळ वाचा. ती ४.७५ ते ५.२५ यांच्यामध्ये हवी. त्याखाली घसरत असेल तर एसएमपीएस, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा, थकला आहे, आणि तो बदलेपर्यंत रिसीव्हरच काय, पेन ड्राइव्हही असेच मध्येच निघून जातील. हे काम घरी करू नका, त्याच्या आत वीज साठून राहते. जाणत्या माणसाकडे द्या.

आणखी एक, हे मी कळकळीने सांगतो. २०१६ साली सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं की ब्लूटूथ नसलेल्या अनेक वायरलेस सेटच्या रिसीव्हरला दुरून खोट्या कळा पाठवता येतात. काही कंपन्यांनी दुरुस्ती दिली, पण जुने स्वस्त सेट बहुतेक तसेच राहिले. त्यात विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा कम्प्युटरवर बँकेचं काम शक्यतो करूच नका, आणि अगदीच करावं लागलं तर पासवर्ड वायरवाल्या कीबोर्डने टाका. मागे जांभळा आणि हिरवा असे दोन गोल पोर्ट असतील तर जांभळा जुन्या कीबोर्डचा, हिरवा माउसचा. त्यांत काही लावायचं असेल तर कम्प्युटर बंद करूनच लावा, चालू असताना नाही.

काकूंच्या टेबलावर आता रिसीव्हर मॉनिटरच्या पायाशी आहे, डिस्क फक्त महिन्यातून एकदा लागते, आणि राउटर कपाटावर गेला आहे. परवा त्यांनी मला पहिलं पान दाखवलं. भुट्ट्याच्या कीसात दोन्ही पाय जागच्या जागी मोडलेले होते.